लांजेवार सर आणि विसावा अर्ज

बारावीचा निकाल लागला की माझा फोन तापायला लागतो. मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. लोक येतात, बोलतात, मी ऐकते. पण जूनमधले फोन पेशंटचे नसतात, आईबापांचे असतात. “मॅडम, पोरगी सायकॉलॉजी करतो म्हणते. बी.ए.तून करवू का बी.एस्सी.तून? बी.एस्सी. भारी राहते ना?” हा ‘भारी’ शब्द ऐकला की माझं टाळकंच सरकतं. भारी म्हणजे काय, धानाचं पोतं आहे का? पण मी आवरते स्वतःला, कारण हाच प्रश्न घेऊन मी एकदा लांजेवार सरांसमोर बसले होते. सरांनी आयुष्यात एवढ्या पोरांना एवढे सल्ले दिले, त्यातला एकच चुकला. तो नेमका माझ्या वाट्याला आला.

लांजेवार सर साकोलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत बाप्पा. विषय आहे तर तास आहे, तास आहे तर सर आहेत, असा तो मामला. पहिल्या वर्षाला वीस पोरं भरली नाहीत तर विषय बंद, आणि सर घरी. दर जूनला त्यांचं असं गळ्याशी यायचं. पण हे तेव्हा आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सर आपल्या तोंडाने सांगणाऱ्यांपैकी नव्हते.

उंच माणूस, खांदे थोडे पुढे आलेले, खिशात दोन पेन. त्यातला एक चालायचा नाही, पण तो त्यांच्याने फेकवतही नव्हता. चहा बशीत ओतून प्यायचे आणि पिताना डोळे मिटायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या म्हणायच्या, “आमचे साहेब साऱ्या दुनियेचं मन वाचतात, घरचा गॅस संपला ते काई त्याइले वाचता येत नाई.”

सरांचा एक प्रश्न सगळ्या साकोलीला पाठ होता. कुणी कुणाबद्दल काही सांगायला लागलं की सर हळूच विचारायचे, “पाह्यलं का ऐकलं?” बस, एवढंच. अमक्याची सून माहेरी निघून गेली म्हणे. पाह्यलं का ऐकलं? तमक्याचा पोरगा बिघडला म्हणे. पाह्यलं का ऐकलं? समोरच्याची गाडी तिथंच पंक्चर. बसस्टँडवरचा चहावाला वैतागून म्हणायचा, “सर, तुमी आले का माह्या टपरीवरच्या बातम्याच बंद पडते. गिऱ्हाईक टिकन कसं?” सर म्हणायचे, “बातम्या बंद पडते, चाय तं चालू राहते ना!” आणि दुसरा कप मागायचे.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे सायकल स्टँडच्या बाजूची जुनी सामानाची खोली. दारावर ‘मानसशास्त्र प्रयोगशाळा’ असं सरांनी स्वतः ब्रशने लिहिलेलं. शेवटची अक्षरं जागा संपल्यामुळे चिकटलेली. भूगोल सोडला तर आर्ट्समध्ये प्रॅक्टिकल असलेला हा एकच विषय, आणि सरांना त्याचा भारी अभिमान. आत एक लाकडी चक्रव्यूह, दोन स्टॉपवॉच, पत्त्यांसारखी कार्डं आणि एक आरसा. आरशासमोर कागदावर चांदणी छापलेली. मधे पडदा असा की आपला हात आपल्याला दिसू नये, फक्त आरशात दिसावा. त्या चांदणीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा मग! उजवीकडे न्यावी म्हटलं की पेन्सिल भलतीकडेच पळते. सायन्सवाले प्राध्यापक सरांना ‘चांदणीवाले’ म्हणायचे. सर रागवायचे नाहीत.

प्रयोगासाठी माणूस आणायचा तो कॉलेजच्या बाहेरचा, हा त्यांचा नियम. “कॉलेजातल्या पोट्ट्यांवर प्रयोग कायले करता? ते पहिलेच हुशार झाले आहेत. गावातून माणूस आणा.” त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दिवशी त्या खोलीबाहेर भाजीवाल्या बाया, शेतकरी, दर्जी असे बसलेले असायचे. एकदा एका पोराने एस.टी.चा कंडक्टरच आणला. गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबणार होती. कंडक्टरच्या डोळ्यांना पट्टी बांधली, बोट चक्रव्यूहात ठेवलं, आणि तो काही वाट सापडल्याशिवाय उठायला तयार होईना. शेवटी ड्रायव्हर शोधत आला, त्याच्यामागे पॅसेंजर आले, आणि सगळे मिळून ओरडायला लागले, “डावीकडे घ्या, डावीकडे!” सर कपाळाला हात लावून बसले, कारण असं ओरडून सांगितलं की प्रयोग बाद. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. म्हणून सरांसमोर कधी सांगितलं नाही.

आता माझं. मी साकोलीजवळच्या एका खेड्यातली, ढीवराची पोरगी. बाबा गावच्या तलावात मच्छी धरायचे आणि साकोली, अड्याळच्या बाजारात विकायचे. बारावी सायन्सने मी बऱ्या मार्कांनी पास झाले. डॉक्टर व्हायला ते मार्क कमी होते आणि घरी बसायला जास्त होते. मला मानसशास्त्रच करायचं होतं. कारण अकरावीत सर आमच्या शाळेत तो आरसा घेऊन आले होते आणि वर्गात पहिली येणाऱ्या मला ती चांदणी काढता आली नव्हती. माझाच हात माझं ऐकत नाही म्हणजे काय? हे समजून घेतल्याशिवाय मी राहणार नव्हते.

गावात गहजब. “सायन्सची पोट्टी आर्ट्सले जाऊन राहिली!” जशी काही मी पळून जात होते. त्यात कुणीतरी सांगितलं की नागपूरला एका कॉलेजात बी.एस्सी.लाही सायकॉलॉजी मिळतं, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या जोडीला. झालं, बाबांचं मन तिकडे गेलं. होस्टेल लागणार, बाबांना आठवड्यात आणखी एक बाजार करावा लागणार. पण ‘सायन्स’ तर सायन्स राहणार होतं.

आमच्या भागात उन्हाळ्यात दोन गोष्टी गावोगाव फिरतात: लग्नाच्या पत्रिका आणि कॉलेजचे प्राध्यापक. प्राध्यापक ॲडमिशनसाठी पोरं शोधत फिरतात आणि पोराची टी.सी. आणि मार्कशीट सोबतच घेऊन जातात. एकदा का टी.सी. त्यांच्या बॅगेत गेली की पोरगं त्या कॉलेजचं. दुसरं कॉलेज टी.सी.शिवाय दारात उभं करत नाही ना! लांजेवार सरही आपल्या मोटरसायकलवर असेच आमच्या गावी आले. बाबा तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसले होते. सर त्यांच्या बाजूला मातीतच बसले, मरळ आणि रोहूबद्दल बोलले, आणि जाताना म्हणाले, “दादा, पोरीले घेऊन कॉलेजात या. विषय काय राहते ते डोळ्यानं पाहा, मंग ठरवा.” माझी टी.सी. मीच त्यांच्या हातात दिली. बाबा मान खाली घालून जाळं विणत राहिले, म्हणजे त्यांना पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या खोलीत. सरांनी बाबांनाच आरशासमोर बसवलं. तलावाच्या पाण्यात डोळे मिटून जाळं टाकणारा माझा बाप, त्या चांदणीच्या पहिल्याच कोपऱ्यात अडकला! पेन्सिल जागच्या जागी थरथरते, पुढे काही जात नाही. कपाळावर घाम. “सर, हा आरसा बिघडला आहे जी!” सर हसले. “नाई दादा, आरसा चांगला आहे. आजून एक डाव करा.” दुसऱ्या वेळेला जरा जमलं, तिसऱ्या वेळेला बाबांनी पूर्ण चांदणी काढली आणि स्टॉपवॉचकडे वाकून पाहिलं. पहिल्यापेक्षा निम्मा वेळ. बाबा खुश. “अगा, हे तं सायन्सच झालं ना जी!”

सरांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! त्यांनी कागद घेतला, मधे रेघ मारली, एका बाजूला बी.ए. लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला बी.एस्सी. मानसशास्त्राचे धडे जवळपास तेच. प्रॅक्टिकल दोन्हीकडे. पुढे एम.ए.ला दोन्हीकडची पोरं एकाच बाकावर बसतात. फरक सोबतच्या विषयांचा. पोरीला झाडं-प्राणी शिकायचे असतील, किंवा पुढे मेंदूवरच काम करायचं असेल, तर बी.एस्सी. कामाची. माणसात बसून काम करायचं असेल तर इथं बी.ए. करावं, समाजशास्त्र घ्यावं, घरून ये-जा करावी. “पोरगी हुशार आहे दादा. हिले इथं मी चांगलं शिकवीन. माह्याजवळ राहू द्या.”

बाबांनी सगळं नीट ऐकलं आणि हात जोडून म्हणाले, “सर, राग नोका मानू जी, बाजारातली गोष्ट सांगतो. जो आपल्या मच्छीची लय तारीफ करते ना, त्याची मच्छी सकाळची नसते. यात तुमचा काय फायदा आहे जी?”

बाबांच्या मनात पाप नव्हतं. हा प्रश्न ते बर्फवाल्यालाही विचारतात. पण सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि आम्हाला चहा पाजून बसस्टँडपर्यंत सोडायला आले.

पाचव्या दिवशी सर घरी आले. बाजेच्या अगदी काठावर बसले, बॅगेतून टी.सी. काढली आणि माझ्या हातात दिली. “नागपूरले जा बाई. बी.एस्सी. कर.”

“सर, तुमीच तं म्हणले दोन्ही सारखंच आहे!”

“म्हणलं होतं.”

“मंग?”

“बी.एस्सी. बरी राहीन. पुढं चांगलं होते म्हणते.”

मला असा राग आला की काय सांगू. मी म्हटलं, “सर, पाह्यलं का ऐकलं?”

माय आतून ओरडली, “मास्तराशी असी बोलते का?” सर पाणी प्यायले, लोटा खाली ठेवला आणि निघून गेले. बाबा मात्र त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, “पाह्य, खरा माणूस आहे हा. आपल्या हातची पोरगी दुसऱ्या कॉलेजात पाठवते, म्हणजे खरंच सांगत असन.” त्यांच्या बाजाराच्या हिशोबाने ते बरोबरच होतं.

तर मी नागपूरला गेले. सकाळी वनस्पतींचे छेद घ्यायचे, दुपारी प्राण्यांच्या आकृत्या काढायच्या, आणि सायकॉलॉजी मधल्या फटीत. ज्याला त्याची गोडी आहे त्याने खुशाल करावं, माझं काही भांडण नाही. मला नव्हती. पहिलं प्रॅक्टिकल लागलं तेव्हा मॅडमनी टेबलावर आरसा आणि चांदणी ठेवली. मला मोठ्याने हसू आलं आणि मॅडमनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभी राहून मी रडले, तेही सांगून टाकते.

दिवाळीत घरी आले आणि सरांकडे गेले. खरं म्हणजे भांडायलाच गेले होते. दार काकूंनी उघडलं. त्यांनी मला फराळाचं ताट दिलं आणि बाजूला बसून हळू आवाजात सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला. सरांकडे वीस अर्जांच्या वीस टी.सी. होत्या. माझी विसावी. ती त्यांनी परत नेऊन दिली, आणि शेवटच्या तारखेपर्यंत दुसरी कुठली आली नाही. एकोणीस. विषय बंद झाला. त्या पोरांना इतिहास नाहीतर अर्थशास्त्र दिलं. खोलीत आता मोडके बेंच ठेवले होते, आणि सर एका शिकवणी वर्गात दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवत होते. “तुह्या बाबाजवळून आल्यावर चार दिवस धड जेवले नाईत,” काकू म्हणाल्या. “मी म्हणलं, पोरीच्या भल्याचं असन ते सांगा ना! तं म्हणे, तेच तं मले दिसून नाई राहिलं.”

तेवढ्यात सर आले. मला पाहून आधी खुश झाले, मग माझं तोंड पाहून समजले. मी सरळच विचारलं, “काहून केलं सर असं?”

सर बाजूच्या खुर्चीवर बसले. आधी माझ्याकडून सिलॅबस मागितला. मी मोबाइलवर दाखवला. एकेक धडा बोटाने सरकवत त्यांनी सगळा वाचला. संवेदन, अवधान, स्मृती, प्रेरणा. “हेच शिकवत होतो मी,” म्हणाले. मग मोबाइल परत दिला.

“तुह्या बाबांनं बरोबर विचारलं होतं, बाई. माह्या मनात भरलं ते. म्हणलं, मी या पोरीले खरं सांगून राहिलो का आपल्या पोटासाठी सांगून राहिलो? चार दिवस मले उत्तर नाई भेटलं. मंग म्हणलं, ज्यात माहा तोटा आहे तेच सांगावं. म्हणजे पाप नाई लागन. एवढी वर्सं मन शिकवलं, आन् एवढं नाई समजलं का तोटा झाला म्हणून गोष्ट खरी नाई होत. तुह्यं भलं व्हावं म्हणून तुले नाई पाठवलं मी. मी साफ राहावं म्हणून पाठवलं. एका पोरीले ‘राह्य’ म्हणाची लाज वाटली, आन् एकोणीस पोराइचा विषय गेला.”

मी भांडायला आले होते. पण समोर बसलेला माणूस माझ्याआधीच स्वतःशी भांडून बसला होता. मला त्यांची दया आली, रागही आला, आणि तो राग पुढे बरेच दिवस गेला नाही. वर्षभर मी त्यांना फोन केला नाही. आज मला त्याची शरम वाटते. चुकीचा सल्ला देणारे रगड भेटतात. घरी आलेल्या पोरीसमोर बसून ‘मी चुकलो, आणि या कारणाने चुकलो’ असं सांगणारा मास्तर मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुढे मी एम.ए. केलं. बाकावर माझ्या एका बाजूला बी.ए.वाली, दुसऱ्या बाजूला बी.एस्सी.वाला. कुणी कुणाला विचारलं नाही, तू कुठून आलास म्हणून. सरांना मी निकालाचा फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “माणसाइत बसते ना आता?” मी म्हटलं, “हौ सर.” सर म्हणाले, “बस मंग.”

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची, अड्याळच्या बाजारातली. सुट्टी होती म्हणून मी बाबांना दुकान लावू लागायला गेले होते. मच्छीच्या रांगेच्या पलीकडे मिरचीवाले बसतात. तिथं एका मिरचीवाल्यासमोर सर उकिडवे बसलेले. केस पांढरे झाले होते, बॅग मांडीवर. मला बाबांकडून कळलं होतं की पवनीकडच्या एका कॉलेजने मानसशास्त्र नव्याने सुरू केलंय आणि सरांना पुन्हा तास मिळालेत. म्हणजे पुन्हा जून, पुन्हा वीस पोरं.

मी जवळ जाऊन मागे उभी राहिले. मिरचीवाल्याची पोरगी टी.सी. छातीशी धरून उभी होती. सायन्सचीच होती. बाप म्हणत होता, “बी.एस्सी. भारी राहते म्हणते लोक. बी.ए. कायले करावं जी?”

“दादा, पहिले एक ऐका,” सर म्हणाले. “माह्याजवळ सतरा पोरं झाले. वीस नाई झाले तं माहा विषय बंद होते, मी घरी बसतो. तुमच्या पोरीनं यावं यात माहा फायदा आहे. हे पहिले कानात घाला. आता पोरीले विचारतो.” मग पोरीकडे वळून, “झाडं-प्राणी आवडते का तुले?”

पोरीने मान हलवली, नाही.

“मंग बी.ए. कर. इथंच कर. माह्या फायद्याचं आहे, तरीबी खरं आहे.”

बाप बुचकळ्यात पडला. आपला फायदा आधी सांगून माल विकणारा माणूस त्याने बाजारात कधी पाहिला नसावा. तेवढ्यात सरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. दचकले, हसले, आणि मला दंडाला धरून पुढे ओढलं. “हे पाहा! या बाईले मी उलटं सांगितलं होतं. तीन वर्सं हिले झाडाचे पानं कापाले लावले. इचारा हिले!”

“हौ जी,” मी म्हटलं. “खरं आहे.”

मिरचीवाल्याने पोरीकडे पाहिलं. पोरीने टी.सी. पुढे केली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बॅगेत ठेवली आणि चेन लावून बॅग दोनदा थोपटली. मी त्यांना मोटरसायकलपर्यंत सोडायला गेले, मागून मिरचीवालाही आला. सर गाडीवर बसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “यंदा मांगतानी लाज नाई वाटली बाई.”

किक मारली, पुन्हा मारली. गाडी काही सुरू होईना. शेवटी मी आणि त्या पोरीचा बाप, दोघांनी मिळून मागून धक्का दिला.